अण्णाच्या गेममधलं दुसरं जहाज

या सदरातल्या अनुभवांखाली खवचट प्रतिक्रिया लिहिणारा तो मास्तर म्हणजे मीच. ‘रात्री जेवण जड झालं होतं का?’, ‘भुताच्या पांढऱ्या साडीला चिखल लागत नाही का?’ — जुन्या वाचकांना आठवत असेल. ज्यांच्या अनुभवांवर मी हसलो त्यांची आधी माफी मागतो. आज माझी पाळी आहे. खाली काय लिहायचं ते लिहा... मी कुणाला उलट उत्तर देणार नाही.

मी बेळगावात राहतो, टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे. पी.यू. कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना. देवळात जातो तो बायकोला सोडायला, आणि ती बाहेर येईपर्यंत गाडीवर बसून पेपर वाचायला. मांजर आडवं गेलं तर मला काळजी मांजराची वाटते, कारण आमच्या रस्त्यावर वाळूचे टिप्पर फार. भूतखेत, मुंज्या, करणी यांतलं काही मी मानलेलं नाही आणि आजही मानतो असं म्हणणार नाही. मी फक्त काय घडलं ते सांगतो.

माझा मोठा भाऊ — अण्णा — निपाणीत राहायचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले म्हणून दहावीनंतर शाळा सोडून तो मोटार रिवाइंडिंगला लागला. जळालेली विहिरीवरची मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवीन तांब्याची तार भरायची. ‘तू शीक, मी तार गुंडाळतो,’ असं म्हणायचा आणि खरंच तेवढंच करत राहिला. माझी फी, माझी मेस, बी.एड.चा खर्च, सगळं त्या तारेतून निघालं.

निपाणीत कॉम्प्युटर क्लास नवीन नवीन निघाला तेव्हा तिथल्या स्टॅबिलायझरची दुरुस्ती अण्णाकडे असायची. मी तेव्हा नववीत. क्लासचे सर भले माणूस, रविवारी दुपारी आम्हा दोघांना एका मशीनवर बसू द्यायचे. त्यावर एक अंतराळातला गेम होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, ठिपक्या-रेघांची चित्रं. आपण जहाजाचे कप्तान, जहाज लांब कुठंतरी भरकटलेलं, आणि एकेक स्टेशन गाठत घरी परत यायचं. प्रत्येक स्टेशनवर चार ओळी इंग्रजीत यायच्या आणि खाली चार पर्याय — आस्क, टेक, वेट, लीव्ह. विचारा, घ्या, थांबा, निघा. बस्स, एवढाच खेळ. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायचा आणि काय करायचं ते अण्णा ठरवायचा. आम्ही अर्ध्या वाटेपर्यंत गेलतो, तेवढ्यात क्लास बंद पडला. पुढं तीसेक वर्षं दोघांच्याही डोक्यात तो विषय नव्हता.

अण्णाला शुगर होती, बीपी होतं, आणि दोन्हीकडं काणाडोळा करायची सवय होती. एके वर्षी पाय सुजले. तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. निपाणीच्या माणसाला तसं कोल्हापूर जवळ, पण अण्णाचं सरकारी उपचारांचं कार्ड कर्नाटकातलं, आणि त्याच्यावरचे उपचार त्याला बेळगावातच मिळायचे. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार सकाळची सहाची गाडी पकडून, संकेश्वर-हत्तरगी करत तो यायचा. चार तास मशीनवर, मग आमच्या घरी बिनमिठाचं जेवण, आणि चारच्या गाडीनं परत. पाणी सुद्धा मोजून. दिवसाला किती प्यायचं त्याचा एक स्टीलचा पेला त्यानं ठरवून टाकला होता, आणि तो पेला पिशवीत घालून बरोबर आणायचा.

डायलिसिसला डाव्या हातात दोन जाड सुया टोचतात आणि तो हात चार तास हलवायचा नसतो. वेळ जाता जात नाही. अण्णाची मुलगी प्रियांका बेंगळुरूला नोकरी करते, तिनं बाबांसाठी हातात धरायची गेमची एक मशीन मागवली. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, आत शेकड्यानं जुने गेम भरलेले. पण मारामारीचे आणि गाड्यांचे गेम दोन हातांनी खेळावे लागतात, आणि अण्णाचा एकच हात मोकळा. यादी खाली-वर करताना त्याला आमचा तो अंतराळातला गेम दिसला. कुणीतरी हौशी माणसानं कॉम्प्युटरवरचा गेम उचलून त्या छोट्या मशीनवर बसवला होता. एका अंगठ्यानं खेळता यायचा.

त्या दिवशी मला कॉलेजात फोन आला. दवाखान्यातून अण्णाचा फोन म्हटल्यावर वर्ग तसाच सोडून बाहेर आलो.

“सुध्या, आपलं जहाज घावलं रं!”

“कसलं जहाज? अण्णा, तू बरा हाईस न्हवं?”

“बरा हाय की. अरं, ते क्लासातलं जहाज! ह्या डबड्यात हाय. आता बघ, घरला न्हेतोच त्येला.”

इतकं खूश झालेलं मी त्याला आजारपण सुरू झाल्यापासून पाहिलं नव्हतं. पुढं दर मंगळवार-शुक्रवार एखाद्या इंग्रजी शब्दासाठी फोन यायचा, आणि तोही नेमका लेक्चरच्या वेळी. एकदा प्रॅक्टिकल चालू असताना आला.

“‘रिलक्टंट’ म्हंजे काय रं?”

“मनातनं तयार नसलेला,” मी कोपऱ्यात जाऊन म्हणालो. “तोंडानं व्हय म्हणतोय, पण करायचं न्हाय असा.”

अण्णानं तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग “असं व्हय... बरं, ठेव,” म्हणाला.

आता जे लिहितोय ते मी माझ्या बायकोलाही परवा परवा सांगितलं.

अण्णाला किडनी हवी होती. वहिनींना स्वतःला शुगर, त्यामुळे त्या बाद. प्रियांका द्यायला तयार होती, पण अण्णानं तिला असं झापलं की तिनं पुन्हा विषय काढला नाही. राहिलो मी. मीच आपणहून म्हणालो, “माझी तपासा.” सगळ्यांच्या देखत म्हणालो, वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मे महिन्यात तपासण्या झाल्या. जूनच्या शेवटी दवाखान्यातल्या मॅडमनी मला एकट्याला बोलावून रिपोर्ट दिला. सगळं जुळत होतं. त्या म्हणाल्या, “सर, देणाऱ्याचा निर्णय आम्ही पेशंटला सांगत नाही. तुम्ही तयार असाल तर तुम्हीच सांगा. नसाल तर आम्ही फक्त ‘जमत नाही’ म्हणू, खरं कारण कुणाला कळणार नाही.”

मी तो रिपोर्ट घरी नेला नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या कपाटात, काचेच्या प्रिझमच्या पेटीखाली ठेवला. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.

मला भीती वाटत होती. दुसरं काहीच नाही. दोन मुली लहान आहेत, पुढं मलाही शुगर झाली तर, उरलेली एक बिघडली तर... ही कारणं खरी असतील, पण ती मी नंतर गोळा केली. आधी आली ती नुसती भीती. नाही म्हणायलाही जीभ रेटेना आणि हो म्हणायलाही. म्हणून जुलैत म्हणालो, “अण्णा, पुरवणी परीक्षेचे पेपर तपासायला बोलावलंय, ते होऊ दे.” मग म्हणालो, “लॅबवाल्यांनी रिपोर्टच दिला न्हाय अजून.” गणपती झाल्यावर म्हणालो, “आता दिवाळी होऊ दे.” अण्णा प्रत्येक वेळी “व्हय, गडबड काय हाय,” म्हणायचा आणि ताटातली बिनमिठाची भाजी संपवायचा. माझ्या धाकटीला मांडीवर घेऊन सेलवर चालणारी छोटी मोटार बनवून द्यायचा.

डिसेंबरात एका मंगळवारी तो आला नाही. निपाणी स्टँडवर सहाच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला होता, तिथंच गेला. कंडक्टरनं हलवून बघितलं तेव्हा अंग गार पडत चाललं होतं. खिशात ती गेमची मशीन चालूच होती.

दहाव्याचे विधी यमगर्णीजवळ वेदगंगेच्या काठावर. सकाळी नऊच्या सुमारास पिंड ठेवले. समोरच्या करंजाच्या झाडावर सात-आठ कावळे होते, पण एकही खाली येईना. तुम्हाला माहीतच आहे, अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते एकेकानं पुढं होऊन बोलायचं असतं. मामा म्हणाले, “प्रियांकाचं लगीन आमी करतो.” चुलतभाऊ म्हणाला, “वहिनीस्नी अंतर देणार न्हाय.” दुकानातला कारागीर हात जोडून म्हणाला, “अण्णा, दुकान बंद पाडत न्हाय.” कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करून उरकून टाकूया म्हणू लागले. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं... कारण मी सख्खा भाऊ, आणि मी अजून बोललो नव्हतो.

काय बोलायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. एकच वाक्य होतं. कावळ्याला मी मानत नाही, पण तिथं उभी असलेली पन्नास माणसं तर खरी होती. वहिनी समोर होत्या. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

“अण्णा, तुझा तो गेम अर्ध्यावर ऱ्हायलाय... मी पुरा करतो.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांनी कपाळावर हात मारला. आणि करंजावरून एक कावळा सरळ खाली आला, पिंडावर चोच मारली आणि उडून गेला.

आता मी फिजिक्सचा मास्तर. दोन तास भात समोर दिसणारा कावळा कधी ना कधी उतरणारच, हे मी त्याच जागी स्वतःला सांगितलं. तरी वहिनींनी निघताना ती मशीन माझ्या हातात दिली. “भावजी, शब्द दिलाय,” एवढंच म्हणाल्या.

सव्वा महिना मी मशीन हातात घेतली नाही. संक्रांत झाली, मुलींच्या परीक्षा जवळ आल्या. वहिनी फोनवर हालहवाल विचारून शेवटी “झाला का हो गेम?” म्हणायच्या. त्यांच्यासाठी ती थट्टेची गोष्ट नव्हती. तो पुरा होईतो नवरा अडकून पडलाय, असं त्यांनी घट्ट धरलं होतं. शेवटी एका रविवारी दुपारी, मुली टीव्हीपुढं आणि बायको माहेरी असताना, मी खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि मशीन चालू केली. ऊन अंगावर येत होतं, खाली भंगारवाला ओरडत होता. वातावरण म्हणाल तर भुताखेताचं अजिबात नव्हतं.

अण्णाचा सेव्ह एकच होता. उघडला. जहाज एका स्टेशनापाशी उभं. जहाजाचा एक सेल जळालेला, दुसरा उतरणीला लागलेला. आणि शेजारी दुसरं एक जहाज, तसंच, फक्त त्याचे दिवे लख्ख. पडद्यावर लिहिलं होतं की त्या दुसऱ्या जहाजाकडे एक सेल देण्याजोगा आहे, आणि खाली तेच चार पर्याय. म्हटलं, सोपं आहे.

त्या गेममध्ये एक बटण दाबलं की आधी आपण काय काय केलंय ती यादी दिसते. मी ती उघडली. थांबा. थांबा. थांबा. थांबा. मी यादी खाली सरकवत गेलो, ती संपेना. अण्णानं या स्टेशनवर दुसरं काही दाबलंच नव्हतं. एकदाही ‘विचारा’ नाही. एकदाही ‘घ्या’ नाही.

मी ‘घ्या’ दाबलं. ‘दिल्याशिवाय घेता येत नाही,’ असं उत्तर आलं. इंग्रजीत होतं, मी मराठीत देतोय. मग अण्णासारखं ‘थांबा’ दाबलं. दुसऱ्या जहाजाकडून निरोप आला, ‘आमच्याकडे तपासणीचं काम चालू आहे. ते संपू दे.’

मी हसलो. खरंच हसलो. योगायोग म्हणून हसलो. पुन्हा ‘थांबा’ दाबलं.

‘अहवाल अजून हाती आलेला नाही.’

पुन्हा दाबलं.

‘सण होऊ दे.’

आता हसू गेलं होतं. अंगठा थांबवावासा वाटत होता आणि थांबत नव्हता. पुढची ओळ आली, ‘या जहाजाचा कप्तान रिलक्टंट आहे.’ तो शब्द वाचला आणि प्रॅक्टिकलच्या वेळचा तो फोन माझ्या कानात जसाच्या तसा वाजला. त्याचा अर्थ मीच अण्णाला सांगितला होता... घाईत, कोपऱ्यात उभा राहून, उदाहरणासकट. तरी एकदा दाबलं.

‘अहवाल आलेला आहे. काचेखाली ठेवला आहे.’

मशीन हातातून सुटून खाली पडली. मोठी मुलगी धावत आली, “पप्पा, काय झालं?” मी काही नाही म्हणालो. सोमवारी कॉलेज उघडायच्या आधी जाऊन लॅबचं कपाट उघडलं. प्रिझमची पेटी जागेवर. पेटीवर धूळ, पेटीखाली रिपोर्ट, दवाखान्याच्या पाकिटात घडी घालून ठेवलेला तसाच. तिथं कोणी हात लावलेला नव्हता.

मी डोकं लावायचा प्रयत्न केला, तो माझा धंदाच आहे. जुन्या गेमची आवड असणाऱ्यांचा एक ग्रुप इंटरनेटवर सापडला. त्या स्टेशनवर दुसरं जहाज कधी येतं, असं विचारलं. चार-पाच जणांनी कळवलं की त्या गेममध्ये दुसरं जहाज नाहीच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण एकटेच असतो. प्रियांकाला फोन केला. तिनं त्याच गेमची प्रत घेऊन दोन संध्याकाळी नव्यानं खेळून त्या स्टेशनपर्यंत मजल मारली. म्हणाली, “काका, इथं रिकामं स्टेशन आहे. सेल कपाटात मिळतो, घ्यायचा आणि निघायचं. बाबांचा सेव्ह पाठवा ना, मी बघते.”

मी पाठवला नाही. ग्रुपवरही फोटो टाकला नाही. कारण त्या ओळी दुसऱ्या कुणी वाचल्या असत्या तर विचारलं असतं, कसला अहवाल? कुठली काच? माझ्याकडे पुरावा होता, आणि तो दाखवायचा तर स्वतःलाच उघडं करावं लागणार होतं. बहुतेक याचमुळे अशा गोष्टींचे पुरावे कधी कुणाला सापडत नसावेत.

रोज एकदा उघडून बघायचो. रोज त्याच पाच ओळी, त्याच क्रमानं, जितक्या वेळा थांबावं तितक्या वेळा. ‘विचारा’वर अंगठा नेला की तो न दाबताच मागं घ्यायचो. अण्णानं जे मागितलं नाही ते त्याच्या जागेवर बसून मी कुठल्या तोंडानं मागणार होतो? झोप उडाली. वर्गात ओहमचा नियम सांगताना मध्येच थांबलो, तर पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर थेट निपाणीची गाडी पकडली. वहिनी दुकानामागच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. दुकानातून कारागिराच्या हातोडीचा आवाज येत होता. मी चपला काढल्या, खाली बसलो. पाणी पण घेतलं नाही.

“वहिनी, माझा रिपोर्ट आलता.”

त्यांचे हात थांबले नाहीत.

“जूनमधी आलता. जुळलाबी हुता. मी सांगिटलं न्हाय. खोटं बोललो.”

“म्हाईत हाय,” वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना मी काय म्हणालो ते समजलंच नाही. मी पुन्हा सांगायला लागलो. त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“भावजी, म्हाईत हाय म्हटलं की. त्यांनीच सांगिटलं. श्रावणात. दवाखान्यातनं आले, हातपाय धुतले आन् म्हणाले, ‘सुध्याचं जुळतंय गं.’ मी म्हटलं, डॉक्टर बोलले काय? तर म्हणाले, ‘न्हाय. गेममधी आलंय.’ मला वाटलं, दवाखान्यातल्या मशीनवरनं आल्यावर कवा कवा डोस्कं ठिकाणावर नसायचं, तसंच कायतरी बरळाय लागलेत.”

“मग मला का न्हाय इचारलं तुमी?”

“इचारणार हुते. फोन लावाय घेतलाबी हुता. त्यांनी हातातनं काढून घेतला.” त्या आता माझ्याकडं बघत होत्या. डोळे कोरडे होते. “म्हणाले, मागायचं न्हाय. मागिटलं तर त्यो दील, आन् मग जलमभर आपल्याकडं बघायला भील. त्येचं त्येला येऊ दे. न्हाय आला तरी माझा भाऊच हाय.”

श्रावणापासून डिसेंबरपर्यंत. हिशेब नाही करायचा म्हटलं तरी डोकं करतंच... त्यानंतर तो कितीदा आमच्याकडं जेवला, कितीदा मी त्याला स्टँडवर सोडलं, कितीदा समोर बसून खोटं सांगितलं आणि त्यानं “व्हय, गडबड काय हाय” म्हटलं. मी त्या सोप्यात हमसून हमसून रडलो. वहिनींनी मला गप्प केलं नाही, की हाकलूनही दिलं नाही. थोड्या वेळानं सूप बाजूला सारलं, हात झटकले.

“मशीन आणलीया न्हवं? काढा. कावळ्याफुडं बोललाय ते पुरं करा. हितं, माझ्यासमोर.”

मी मशीन काढली. वहिनींना इंग्रजी येत नाही, त्या माझ्या शेजारी येऊन पडद्याकडं बघत बसल्या. सेव्ह उघडला. स्टेशन होतं, अण्णाचं जहाज होतं. दुसरं जहाज नव्हतं. काळा पडदा, थोडे ठिपके, बाकी काही नाही. कपाटातला सेल, जो प्रियांकाला सापडला होता, तोही नव्हता. चार पर्यायांपैकी तीन पुसट झालेले. एकच दाबता येत होता, ‘निघा’.

“काय म्हणतंय?” वहिनींनी विचारलं.

“निघायचं म्हणतंय.”

“मग निघा.”

मी दाबलं. जहाज हललं. उरलेला सेल उतरत गेला, ती पट्टी आम्ही दोघं बघत होतो. पुढचं स्टेशन आलं नाही. पट्टी संपली, जहाजाचे दिवे एकेक करत गेले आणि दोन ओळी आल्या. ‘हाकेच्या अंतरावर कोणी नाही. प्रवास इथे संपला.’ मग गेम आपोआप पहिल्या पानावर आला. अण्णाचा सेव्ह पुसला गेला होता.

“संपला?”

“संपला.”

“घरला पोचले काय?”

मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. वहिनींना वाचता येत नव्हतं, आणि त्या खोट्यानं त्यांना रात्रीची झोप मिळाली असती. पण माझ्याकडून ते झालं नाही.

“न्हाय, वहिनी. न्हाय पोचले.”

त्यांनी मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग उठून दिवेलागणीच्या तयारीला लागल्या. मी शेवटच्या गाडीनं परत आलो.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, कारण तुमच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. हौशी लोकांनी गेममध्ये स्वतःचं काहीतरी घुसडलं असेल. अपराधी मनाला कुठल्याही चार ओळींत स्वतःचं नाव दिसतं. दवाखान्यातलं कुणीतरी अण्णाला बोललं असेल, आणि त्यानं बायकोला सांगताना गेमचं नाव पुढं केलं असेल. यातलं प्रत्येक मी तपासून पाहिलं आहे. मॅडमना जाऊन भेटलो, त्यांनी शपथेवर सांगितलं की त्यांच्याकडून एक शब्द बाहेर गेला नाही. आणि गेला असता तरी प्रिझमची पेटी त्यांना कुठून ठाऊक? ती मी एकट्यानं, दार लावून, माझ्या हातानं उचलली होती. मशीन आजही माझ्याकडे आहे. नव्यानं सुरू केलं तर गेम सरळ चालतो, रिकामं स्टेशन येतं, सेल मिळतो, घर येतं. मी एकदा पोचून पाहिलं. काही वाटलं नाही.

वहिनी पूर्वीसारख्याच बोलतात. मुलींसाठी शेंगांची चटणी पाठवतात. मी गेलो की चहा करतात, जेवायला थांबा म्हणतात. ते मला सगळ्यात जड जातं.

गेल्या महिन्यात चाळिशीनंतरचं चेकअप म्हणून बायकोनं मला जबरदस्तीनं तपासायला नेलं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पोटावरून ते यंत्र फिरवलं, पडद्याकडं बघत मान डोलावली आणि खुशीत म्हणाले, “सर, दोन्ही किडन्या एकदम फर्स्ट क्लास.”